पाय टेकले पाहिजेत

हिंगोली,
भाद्रपद

चि. प्राजक्ता,

तू चार गाड्यांचे फोटो पाठवलेस आणि खाली एवढंच लिहिलंस, ‘मामा, सांगा कोणती?’ फोटोवरून सांगायचं तर चारही छान आहेत. पण फोटोतली गाडी फरशीवर उभी आहे आणि तुझी उभी राहणार आरोग्य उपकेंद्राच्या दारात, काळ्या चिखलात. म्हणून फोनवर उरकत नाही, लिहितो. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेल्यामुळं मला कुठलीही गाडी आधी खालून दिसते.

अक्काचं म्हणणं, पोरीनं स्कुटी घ्यावी. हिंगोली गावात फिरायचं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. पण तुझ्याकडची गावं पांदणीच्या टोकाला, आणि स्कुटीची चाकं लहान. खड्डा आला की पुढचं चाक आत बसतं. तेव्हा मोटारसायकल घ्यायचं तुझं ठरलेलं बरोबर आहे. त्यातही क्रूझर घ्यायची हेही बरोबर, फक्त तू सांगतेस ते कारण माझं नाही. तुला तिचा रुबाब आवडला. मी तिच्या सीटची उंची बघतो.

बजाज ॲव्हेंजरची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर आहे. रॉयल एनफील्डच्या मीटिऑर ३५० ची ७६५, टीव्हीएस रोनिनची ७९५, होंडाच्या हायनेसची ८००. तुझी उंची पाच फूट एक इंच. ॲव्हेंजरवर तुझे दोन्ही तळवे सपाट टेकतील. रोनिनवर किंवा हायनेसवर चवडे टेकतील, टाच अधांतरी राहील. नवशिक्यांची गाडी वेगात पडते असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा ती पडते उभी असताना. समोर शेरडं येतात, तू ब्रेक दाबतेस, पाय खाली सोडतेस, आणि जिथं सोडलास तिथं जमीन चार बोटं खाली असते. गाडी एकदा का कलली की ती मनगटाच्या जोरावर सावरत नाही. सपाट टेकलेल्या पायानंच सावरते.

आता वजन. ॲव्हेंजर १६० भरते १५६ किलो, २२० भरते १६३, रोनिन १६० च्या आसपास, हायनेस १८१ आणि मीटिऑर १९१. चालू गाडीवर हा फरक कळतही नाही. उलट मीटिऑर चालायला या चौघींत सगळ्यांत गोड आहे. २७ न्यूटन-मीटरचा टॉर्क, तोही चार हजार फेऱ्यांवरच मिळतो. वरच्या गिअरात हळू चालवली तरी कुरकुरत नाही. दोन्ही चाकांना एबीएस आहे. नोव्हेंबर २०२० ला ती आली तेव्हापासून मी ती चांगली गाडी मानतो. पण ती बंद करून उतारावरून मागं ओढायची वेळ आली की ३५ किलो जास्तीचं म्हणजे काय ते कळतं. आणि तुझ्या कामात ती वेळ रोज येणार. लसीकरणाच्या दिवशी कोणाच्या तरी अंगणात गाडी लावशील, निघताना मागं बैलगाडी उभी असेल. दर वेळी हात लावायला माणूस शोधायचा का? म्हणून मीटिऑर आत्ता नको. चार वर्षं गिअरची गाडी हाताखालून गेली की मग घे, मी स्वतः तुझ्याबरोबर येईन.

राहिली ॲव्हेंजर. तिचं मूळ जपानी. बजाजनं २००१ मध्ये कावासाकीची एलिमिनेटर इथं आणली होती; तोच आराखडा पुढं २००५ मध्ये ॲव्हेंजर म्हणून आला आणि त्यात इंजिन बसलं पल्सरच्या घराण्यातलं. हे शेवटचं तुझ्या कामाचं आहे. पल्सर उघडलेली नाही असा मेकॅनिक आपल्या जिल्ह्यात सापडायचा नाही. क्लच प्लेट, चेन स्प्रॉकेट, ब्रेक शू सेनगावातच मिळतील, संभाजीनगरहून मागवत बसावं लागणार नाही. आडवळणाला नोकरी करणाऱ्यानं गाडीपेक्षा तिचे सुटे भाग आधी बघावेत.

तिचा दोषही सांगतो, कारण शोरूमवाला तो सांगणार नाही. क्रूझरवर पाय पुढं ठेवून बसायचं असतं. शाईन किंवा स्प्लेंडरवर खड्डा दिसला की माणूस पायांवर भार देऊन सीटवरून जरा उचलला जातो, धक्का गुडघे घेतात. पाय पुढं असले की उठता येत नाही आणि तोच धक्का सरळ माकडहाडाला बसतो. नर्सीकडून सेनगावला जाताना गावागावांत लोकांनी आपल्या हातानं घातलेले गतिरोधक तुला माहीतच आहेत. त्यांच्यावरून शाईनवाल्याच्या वेगानं जाऊ नकोस. अलीकडेच वेग मार, मग चढव. गाडी लांब असल्यामुळं अरुंद बोळात ती एका दमात वळतही नाही. मागं घेऊन पुन्हा वळवावी लागते, आणि तिथं पुन्हा ते वजन.

ब्रेकचंही नीट समजून घे. ॲव्हेंजरचं एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. मागं ड्रम, तो जोरात दाबला तर चाक जाम होऊन घसरणार. डांबरी रस्त्यावर पुढचा ब्रेक बिनधास्त वापर, मागचा बेतानं. आपल्याकडे खरी परीक्षा ऑक्टोबरात असते. सोयाबीन काढलं की लोक निम्मा रस्ता अडवून वाळत घालतात, आणि काडावरून चाक असं जातं की जणू खाली तेल सांडलंय. तिथं दोन्ही ब्रेक सोडायचे, क्लच न दाबता गाडी इंजिनावर हळू करायची, हँडल सरळ. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, त्यांना मागं लाल दिवा असेलच असं नाही. काळोख पडल्यावर वसमतच्या बाजूला जाऊच नकोस. उन्हाळ्यात हळदीच्या गाड्या येतात, पण त्या निदान दिवसा दिसतात.

१६० की २२०? २२० ला १९ हॉर्सपॉवर, इंजिनाला ऑइल कूलर; अकोला-नांदेड महामार्गावर ट्रक ओलांडताना तो जोर उपयोगी पडतो. १६० चे पंधरा. पण तू महामार्गावर जाणार कधी? नांदेडला रेल्वे आहे, ती वापर. तुझं सगळं काम तिसऱ्या गिअरातलं आहे. १६० ची खालची मोकळीक २२० पेक्षा थोडी जास्त, पेट्रोल कमी पिते, सात किलो हलकी. मी १६० म्हणतो.

आणि ती जुनी घेतलीस तरी चालेल, किंबहुना पहिली गाडी जुनीच बरी. पहिल्या वर्षी ती दोनदा आडवी होणारच. नव्या टाकीला पोचा आला की तुझ्या पोटात गोळा येईल. जुनी घेताना एक पथ्य पाळ. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. त्याआधीची १५० किंवा १८० ॲव्हेंजर कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नकोस, बहुतेकींना ते नाही. १६० त्यानंतरची, त्यामुळं तिला आहेच. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. सकाळी चोक ओढायची कटकट गेली, पण बॅटरी सांभाळावी लागते आणि बिघाड झाला तर झाडाखालच्या मेकॅनिकचं काम राहत नाही.

गाडी बघायला सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना. आधीच गरम करून ठेवली असेल तर समज की काहीतरी झाकायचंय. पुढच्या शॉकअपच्या नळीवर बोट फिरव. तेल लागलं तर ऑइल सील गेलंय. हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरव, मधे अडकल्यासारखं झालं तर कोन सेट संपलाय. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांचा टायर कडक झालेला असतो. कागदात आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघ. असेल तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. ‘होईल नंतर’ म्हणणाऱ्याची गाडी सोडून दे, त्याचे ई-चलान तू भरत बसशील.

नवीच घ्यायची असली तर पैशाचा हिशेब एवढाच की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय. (३५० च्या वर ४०.) कोटेशन ऑन रोड भावाचं माग आणि लेगगार्ड, सीटकव्हर, पॉलिश यांची रक्कम वेगळी लिहून घे. साडीगार्ड काढायला लावू नकोस, अक्का मागं बसणार आहे.

या सगळ्याआधी एक काम आजच करायचं. तुझं लायसन्स बिनगिअरचं आहे, त्यावर ही गाडी चालत नाही. गिअरच्या गाडीचं लर्निंग काढ. ते निघाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. म्हणजे दसऱ्याला गाडी घरी आली तरी काही दिवस ‘एल’ लावून मी मागं बसणार, त्याला तयारी ठेव. दसऱ्याच्या दिवशी हिंगोलीतल्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. घ्यायची ती आधी बघून, तपासून ठेव, त्या दिवशी फक्त हार घालायचा.

येत्या रविवारी ये. बाजारात जुन्या दोन बघून ठेवल्यात. रोज ड्युटीला घालतेस तेच बूट घालून ये, उंच टाचेचे नकोत, आणि ओढणी बांधून. हेल्मेट माझ्याकडून, आयएसआय शिक्क्याचं; डोक्याचा घेर टेपनं मोजून कळव, कपाळावरून. अक्काला एवढ्यात काही बोलू नकोस, तिच्याशी मी बोलतो.

तुझा,
मामा