मानेतील शिरा आणि आशाताईंचा फॉर्म

मानेच्या दोन्ही बाजूंनी दोन मोठ्या रक्तवाहिन्या मेंदूकडे रक्त नेतात. त्यांच्या आत चरबी आणि कॅल्शियम साचून थर बसतो. थर वाढताना काहीच दुखत नाही. पण त्याचा तुकडा किंवा त्यावरची गुठळी सुटून मेंदूत अडकली की अर्धांगवायूचा झटका येतो.

हा धोका कोणाला जास्त? अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो माणसांची वर्षानुवर्षे तपासणी झाली. वाढलेले वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू ही कारणे अशाच अभ्यासांतून पुढे आली. ती ओळखायला मोठे मशीन लागत नाही. आपल्या जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या साध्या, अनेकदा निरक्षर महिलांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, हे आपण जाणतोच.

आज तीस वर्षांवरील प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरतात. तो फक्त मानेच्या शिरांसाठी नाही. पण त्यातले प्रश्न याच कारणांचे आहेत. चारपेक्षा जास्त गुण आले, तर तपासणीला आधी बोलावतात.

एक हिशेब पाहू. बाई ४२ वर्षांची: २ गुण. कंबर ८४ सेंटिमीटर: १ गुण. रोज मिश्री लावते: २ गुण. एकूण ५. "मिश्री म्हणजे काही तंबाखू नव्हे" म्हणून तिने ती सांगितली नाही, तर गुण उरतात ३ आणि तिचे नाव मागे पडते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. म्हणून आमचे आयाबहिणींना सांगणे आहे: लाजू नका, खरे सांगा.

गुण म्हणजे रोगाचे निदान नव्हे. गुण कमी आले तरी तिशीनंतर रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. सरकारी उपकेंद्रात हे मोफत होते. काही त्रास नसताना केवळ पॅकेजमध्ये आहे म्हणून मानेची सोनोग्राफी करून पैसे घालवू नका. डॉक्टरांनी सांगितली तर मात्र टाळू नका. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून स्वतःहून बंद करू नका.

तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे, एका डोळ्यापुढे अचानक अंधार येणे: यातले काहीही झाले, पाच मिनिटांत बरे वाटले तरीही, लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. मालिश, उतारा यात तो वेळ घालवू नका.