कान्हेरीच्या डोंगरावरील पाण्याची वाट

मुंबईच्या उत्तरेस सुमारें १०४ चौरस किलोमीटर विस्ताराचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यांतील कान्हेरीचा डोंगर प्रवाशांस फार जुन्या काळापासून परिचित आहे. परंतु हा परिचय बहुधा पायथ्यापुरताच! येणारे लोक तिसऱ्या क्रमांकाचें चैत्यगृह पाहतात, ओसरींतील दोन भव्य बुद्धमूर्तींपुढें क्षणभर थबकतात, आणि माघारीं वळतात. येथें शंभराहून अधिक लेणीं आहेत. त्यांपैकीं वरच्या अंगाचीं लेणीं पायीं हिंडणारासच दिसावयाचीं.

चैत्यगृह मागें टाकून कातळांत खोदलेल्या पायऱ्यांनीं वर चढूं लागावें, आणि मूर्तींपेक्षां खडकाकडे अधिक लक्ष द्यावें. लेण्यांच्या दर्शनी भागावर व उतरत्या कातळावर लहान लहान पन्हळी कोरलेल्या आढळतील. पावसाचें पाणी त्यांतून वाहत येऊन दाराशेजारच्या टाक्यांत पडावें, अशी ही योजना. तिचें कारण उघड आहे. या भागांत वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो खरा, पण तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने भिक्षूंनीं काय प्यावें? टाकें नसेल तर विहार कितीहि सुंदर असो, तो ओसच पडणार. म्हणूनच कल्याण-सोपाऱ्याकडील दात्यांनीं लेण्यांबरोबर पाण्याची ‘पोढी’, म्हणजे टाकें, दान दिल्याचे उल्लेख येथील ब्राह्मी शिलालेखांत येतात.

आणखी वर नव्वदावें लेणें लागतें. इ. स. १००९ व १०२१ या वर्षीं येथें आलेल्या पारशी प्रवाशांनीं त्याच्या भिंतीवर पहलवी लिपींत आपलीं नांवें कोरून ठेविलीं आहेत. (ती खोड इतकी जुनी आहे, तथापि आजच्या विद्यार्थ्यांनीं तिचें अनुकरण करूं नये.)

याच डोंगररांगेंत पडणारें पाणी अडवून १८६० सालीं विहार व १८७९ सालीं तुळशी हे तलाव पुरे झाले. विहारच्या सांडव्याचें पाणी मिठी नदीस मिळतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां भराव घालून व बांधकामें करून अरुंद केलेल्या या नदीच्या पात्रांत पाणी मावलें नाहीं, आणि शेंकडो माणसें प्राणांस मुकलीं. वर ज्यांनीं प्रत्येक थेंबास जागा करून दिली, त्यांच्याच पायथ्याशीं पाण्यास वाट उरली नव्हती!

जाणारानें सकाळीं लौकर निघावें, पिण्याचें पाणी सोबत घ्यावें, आणि आखलेली वाट सोडून रानांत शिरूं नये, कारण तें बिबट्यांचें घर आहे. आश्विनांत एखादें भरलेलें टाकें हेरून पाण्याची रेघ वहींत टिपून ठेवावी. पुन्हां वैशाखांत जाऊन तेंच टाकें पाहावें.