रिकोटा मिळालं नाही, तर?

प्रश्न : पालक घालून लझानिया करायचा आहे. कृतीत रिकोटा चीज आहे, पण आमच्या भागातल्या दुकानांत ते मिळत नाही. त्याऐवजी पनीर चालेल का? की चक्का घालू?
– एक वाचक, बिबवेवाडी, पुणे

उत्तर : पनीर चालेल, पण ताजा छेना अधिक चांगला. रिकोटा हे मुळात चीज करून उरलेलं पाणी पुन्हा तापवून काढतात. ते मऊ, ओलसर, किंचित गोडसर असतं आणि भाजताना वितळून ताणत नाही. छेन्याचंही तसंच.

एक लिटर गाईचं दूध उकळा, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. दूध फाटून हिरवट पाणी सुटलं की मलमलच्या कापडात ओता. दहा मिनिटं निथळू द्या. वर वजन ठेवू नका, नाहीतर पनीरच होईल. मग चिमूटभर मीठ आणि दोन चमचे साय घालून हलक्या हाताने फेटा. उरलेल्या पाण्यात कणीक भिजवा.

तयार पनीरच वापरायचं असेल, तर ते बारीक किसून कोमट दुधात कालवा.

चक्का इथे टाळा. तो आंबट असतो आणि ओव्हनच्या उष्णतेत फुटून पाणी सोडतो. न भाजलेल्या चीजकेकसाठी मात्र जरूर वापरा. तिरामिसूतल्या मस्कारपोनेऐवजी कमी आंबट चक्का आणि फेटलेलं क्रीम समप्रमाणात घ्या.