मातीतून गादीवर : युवा मल्लांचे सराव शिबिर

यात्रेच्या मैदानात नाव काढलेला गावचा तरुण मल्ल जिल्ह्याच्या संघात निवडला गेला, की साऱ्या गावाला आनंद होतो. पाठोपाठ स्पर्धापूर्व सराव शिबिराचे पत्र येते आणि घरात प्रश्न उभा राहतो. गावात तालीम आहे, वस्ताद आहेत, खुराक चालू आहे. मग मुलाला दूर कशासाठी पाठवावयाचे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे समाधानकारक उत्तर देण्याचे काम बहुधा शिक्षकांकडे व पंचायत सदस्यांकडे येते.

माती व गादी यांतील अंतर

तालमीत जोर-बैठकांनी अंग घडते; पट, ढाक, कलाजंग यांसारखे डाव अंगवळणी पडतात. ही पुंजी मोलाचीच आहे. परंतु मातीवरील परंपरागत कुस्तीचा निकाल चितपटीवर होतो, तर गादीवरील कुस्ती वेळ आणि गुण यांनी बांधलेली असते. १७ वर्षांखालील गटात २ मिनिटांच्या दोन फेऱ्या, तर वरिष्ठ गटात ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात. वर्तुळाबाहेर पाऊल गेल्यास प्रतिस्पर्ध्याला १ गुण मिळतो. मुक्त कुस्तीत १० गुणांची आघाडी झाली, की कुस्ती तेथेच संपते. जोडीदाराला दमवून मग डाव टाकण्याची सवय असलेला मल्ल येथे डाव टाकण्यापूर्वीच हरू शकतो. शिवाय आपल्या तालमीतील जोडीदारांची पकड त्याच्या ओळखीची झालेली असते. शिबिरात निरनिराळ्या तालमींतील, समान वजनाचे जोडीदार मिळतात. शिबिराचा खरा लाभ हाच होय.

खाशाबांचा धडा

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा मातीत घडलेल्या या मल्लाला गादी नवखी होती. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. पुढील चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्या प्रवासासाठी परिसरातील लोकांनी वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी तर आपले घर गहाण ठेवले. मल्लाच्या यशात गावाचा व शिक्षकाचा वाटा किती मोठा असू शकतो, हे यावरून ध्यानी यावे.

वजनाचा प्रश्न

गादीवर वजनाला फार महत्त्व आहे. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीत पोहोचली होती. परंतु ५० किलो गटात अवघे १०० ग्रॅम वजन अधिक भरल्याने ती अपात्र ठरली. मात्र यावरून उपाशी ठेवून, पाणी तोडून वजन उतरविण्याचा अर्थ कोणी काढू नये. वाढत्या वयाच्या मुलाला तो उपाय घातक आहे. शिबिराला जाण्यापूर्वीच त्याचे वजन करून ते प्रशिक्षकांना कळवावे. निवडलेला गट त्याच्या वाढत्या अंगाला झेपत नसेल, तर वरच्या गटात खेळविण्याचा विचार व्हावा. एका पदकापेक्षा मुलाची प्रकृती मोठी आहे.

पाठविण्यापूर्वीची तयारी

जन्मनोंदीचा दाखला ग्रामपंचायतीने वेळेवर द्यावा. वयाचा घोळ ऐनवेळी स्पर्धेतून बाद करतो. वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. नायट्यासारखा सांसर्गिक त्वचारोग असल्यास वजनाच्या वेळीच मल्लाला रोखले जाते, म्हणून उपचार आधीच व्हावेत. जुनी दुखापत लपवू नये. ताकदीच्या नावाखाली विकली जाणारी अनोळखी पूड किंवा गोळी सोबत देऊ नये. तिच्यात निषिद्ध द्रव्य निघाल्यास दोष मल्लावरच येतो. मुलींच्या बाबतीत सोबत महिला प्रशिक्षक वा व्यवस्थापक आहे काय आणि निवासाची व्यवस्था स्वतंत्र आहे काय, याची चौकशी पालकांच्या वतीने पंचायतीने करावी. ही चौकशी म्हणजे अविश्वास नव्हे. ते कर्तव्यच होय.

शिक्षकांनी शिबिराच्या काळातील पाठांची यादी मुलाबरोबर द्यावी आणि तो परतल्यावर बुडालेला अभ्यास भरून काढण्यास वेळ द्यावा. कुस्तीसाठी शाळा सुटली, तर पुढे एखाद्या दुखापतीने कुस्तीही सुटल्यावर त्या मुलाच्या हाती काहीच उरत नाही.

परतल्यानंतर

स्पर्धेत पदक मिळो वा न मिळो, परतलेल्या मल्लाला वस्तादांच्या अनुमतीने तालमीतील लहान मुलांना गादीचे नियम समजावून सांगण्यास लावावे. एकाला पाठविण्याचा खर्च अशा रीतीने दहांच्या कामी येतो. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती व गादी हे दोन्ही विभाग नांदतात. गावच्या तालमीतही ते नांदू शकतील. हौद्यातील माती जपावी आणि पंचायतीने शक्य होईल तेव्हा तिच्या शेजारी गादीही अंथरावी. त्यानंतर शिबिराला जाणारा मुलगा तेथे नवखा राहणार नाही.