काळ्या मातीतून परतलेली गाडी



गतवर्षी श्रावणात शाळेमागच्या कपाशीच्या बांधावरून एक हातभर लांबीची विजेची गाडी धावत गेली, हे तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. तिच्यामागे ओरडत धावणारेही तुम्हीच होता. त्या गाडीचे पुढे काय झाले हे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. जे झाले ते आमच्या हातून झाले. तेव्हा ते सांगण्याची जबाबदारीही आमचीच.

ही रिमोटची गाडी सहा विद्यार्थ्यांनी वर्षभर साठविलेल्या पैशांतून, आणि वर थोडी आमची भर घालून, विज्ञान-प्रदर्शनासाठी विकत घेतली होती. त्या दिवशी ती तासभर चिखलातून हिंडली. परतली तेव्हा तिला चाके अशी उरलीच नव्हती. त्या जागी काळ्या मातीचे चार गोळे तेवढे होते. आम्ही कोकणीभाषी, समुद्राकाठच्या लाल मुलखातले. पडवीत शिरण्यापूर्वी पाय धुवावेत, चिखल दिसला की त्यावर तांब्याभर पाणी ओतावे, हीच आमची लहानपणापासूनची रीत. आम्ही गाडी उचलली आणि तशीच हातपंपाखाली धरली. मोटार तापलेली होती, बॅटरी आतच होती, याचे भान राहिले नाही. खोक्यावर ‘पाण्याचे भय नाही’ अशा अर्थाचे काही छापले होते, एवढा आधार आम्हांस पुरला. मग फडक्याने वरवर पुसून गाडी कपाटात ठेवून दिली.

प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळी ती बाहेर काढली. कळ दाबताच मोटार गुरगुरली, जळका वास आला आणि सारे शांत झाले. उघडून पाहतो तो मागच्या आसावरील दोन्ही बेअरिंगे गंजून आवळली होती आणि दातेरी चाकांच्या पेटीत शिरलेला चिखल वाळून विटेसारखा टणक झाला होता. सहाही मुले भोवती उभी होती. एकानेही आम्हांस काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

पुढे काही दिवसांनी त्यांच्यातील एक शेतकऱ्याचा मुलगा संकोचत म्हणाला, “सर, त्या दिवशी वाफसा येऊ द्यायचा होता.” वाफसा हा शब्द आम्ही भीमपुरास आल्यावरच शिकलो. पाऊस पडून गेल्यावर रान ओलेगच्च असता त्यात कोणी औत घालीत नाही. माती फाळाला चिकटते. पार सुकल्यावरही घालीत नाही. ढेकळे फुटत नाहीत. मधली जी अवस्था, ज्यात माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला तर भुरभुरतो, तो वाफसा. शेताला लागू असलेला हा नियम गाडीच्या चाकालाही लागू असेल, हे आमच्या पदवीने आम्हांस शिकविले नव्हते.

यामागचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. पैनगंगेच्या अलीकडची आपली ही कपाशीची काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून निर्माण होणाऱ्या जातीची आहे. तिच्यात चिकणकणांचे प्रमाण फार मोठे असते, आणि चिकणकण म्हणजे ज्याचा व्यास एका मिलिमीटरच्या दोन-सहस्रांशाहूनही (०.००२ मिलिमीटर) कमी तो कण. त्यांतील माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरते व माती फुगते. पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात रानाला ज्या भेगा पडतात त्या यामुळेच. आता माती ओली असताना परक्या वस्तूला चिकटण्याची तिची ओढ, म्हणजे आसंजन, प्रबळ असते. ती वाळली की तिच्या कणांची एकमेकांना धरून ठेवण्याची ओढ, म्हणजे संसंजन, प्रबळ होते. वाफशाला या दोन्ही ओढी आपल्या कामापुरत्या सैल पडतात. त्या वेळी कडुनिंबाची काडी लावली तरी चाकावरचा गोळा खपलीसारखा सुटून येतो. आम्ही मात्र चिखलावर पाणी ओतले. म्हणजे घट्ट मातीचा पातळ रबडा केला आणि ज्या फटीत ती शिरू शकली नसती तेथे तिला स्वतः नेऊन पोहोचविले.

कोकणात असे होत नाही असे नव्हे. पण तेथला शत्रू निराळा. समुद्रकाठच्या वाळूतील क्वार्ट्झ काठिण्याच्या मोजपट्टीवर ७ या अंकाचा, साध्या लोखंडाहून कठीण. तो दात्यांना कानशीप्रमाणे घासतो. शिवाय खारी हवा लोखंडाला गंज चढविते. तेथे गाडी गोड्या पाण्याने पुसून काढणे हाच धर्म ठरेल. इकडे तोच धर्म आमच्या अंगाशी आला. पैनगंगेच्या पात्रातील वाळूत गाडी चालविली तर वाळू कोरडी झटकावी आणि पेटी उघडून दाते पाहावेत. रानात चालविली तर वाफशाची वाट पाहावी. गाडी कोणत्या मातीतून आली हे आधी विचारावे, मग हात लावावा.

अशा गाड्यांचा इतिहास तसा फार जुना नाही. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेवाचून चालणारी एक छोटी नौका लोकांना दाखविली. खेळाच्या विजेच्या गाड्यांत जपानच्या तामिया कंपनीची पोर्शे ९३४ ही १९७६ ची, आणि खाचखळग्यांतून धावण्यासाठी केलेली तिचीच रफ रायडर १९७९ ची. रस्ता सोडून रानात शिरणारी गाडी निघाली, तेव्हाच तिच्या साफसफाईचा प्रश्नही निघाला.

धुळीची गोष्ट निघालीच आहे तर एक सांगतो. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे यूजीन सर्नन व हॅरिसन श्मिट चंद्रावर विजेची गाडी चालवीत होते. हातोडीचा धक्का लागून तिच्या एका चाकावरील चिखलरोधकाचा तुकडा निघाला आणि चंद्रावरची धूळ त्यांच्या अंगावर व यंत्रांवर उडू लागली. त्यांनी चार नकाशे एकमेकांना चिकटवून त्यांचाच चिखलरोधक केला, तो चिमट्यांनी बसविला आणि मगच पुढचा प्रवास केला. एवढ्या दूर गेलेल्या मनुष्यालाही चाकावरची धूळ दुर्लक्षून चालले नाही. आपल्या चांद्रयान-३ मधील प्रज्ञान ही सहा चाकांची गाडी ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर उतरली. तिला पुसायला तर कोणीच नव्हते. आपल्यापाशी निदान जुना ब्रश आहे.

तर आता आम्ही काय करतो ते ऐका. गाडी थांबली की प्रथम गाडीचा खटका बंद, नंतर हातातल्या रिमोटचा. हा क्रम उलटा करू नये. रिमोट आधी बंद केला तर मालक गमावलेली गाडी एखादे वेळी स्वतःच्या मर्जीने सुटते. सुरू करताना अर्थातच रिमोट आधी. मग बॅटरी बाहेर. मोटार आणि वेगनियंत्रक पेटी हाताला सोसण्याइतकी निवेपर्यंत काही करायचे नाही. गाडी सावलीत उपडी ठेवावी. हिवाळ्याच्या दिवसांत दोन-तीन तासांत वाफसा येतो; पावसाळ्यात एखादे वेळी सकाळ उजाडते. त्यापुढे मात्र आळस नको, कारण ओली माती लोखंडावर बसून राहणे म्हणजे गंजाला आमंत्रण.

माती काडीने सोडवावी, उरलेली दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने काढावी, आणि कोपऱ्यांतली धूळ सायकलच्या पंपाने फुंकून टाकावी. पंक्चरवाल्याच्या दुकानात दाबाची हवा मिळते खरी, पण तिचा झोत बेअरिंगवर धरू नका. ते सुईं असा आवाज करीत गरगर फिरते, मुलांना गंमत वाटते, आणि वंगणावाचून फिरलेले ते बेअरिंग लवकरच निकामी होते. वरचे रंगीत कवच सुटे करून ते खुशाल साबणाच्या पाण्याने धुवावे. त्याला पेट्रोल वा थिनर लावू नये. ते कवच पॉलिकार्बोनेटचे असते आणि अशा द्रवांनी त्याला बारीक तडे जातात.

आपल्या गावात आणखी एक संकट आहे, ज्याचा उल्लेख कोणत्याही माहितीपत्रकात आम्हांस आढळला नाही. ते म्हणजे कापूस. वेचणीच्या दिवसांत बांधावर, वाटेवर, बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मागे सर्वत्र कापसाचे तंतू पडलेले असतात. ते चाकाबरोबर फिरत फिरत आसाभोवती सुतासारखे गुंडाळले जातात आणि चाक व बेअरिंग यांच्यामध्ये घट्ट वळी तयार होते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून दर खेपेस चारही चाकांचे नट काढून चाके उतरवावीत आणि सुई व चिमट्याने तो धागा उलट दिशेने सोडवून घ्यावा. कात्रीने कापण्याचा मोह आवरावा. बेअरिंगची रबरी कड कापली जाते. आम्ही एकदा अशी वळी उलगडून मोजली, ती वीतभर भरली.

धाग्याने एवढे काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. चाक जड झाले की मोटार मंदावते आणि मंदावलेली मोटार बॅटरीतून अधिक प्रवाह ओढते. आता दहावीच्या पुस्तकातील जूलचा नियम आठवा. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह १० अँपिअरचा २० झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. आमच्या मोटारीचा जळका वास या एका वर्गामुळे आला. त्यासाठी साधी परीक्षा अशी : चाक जमिनीपासून उचलून बोटाने टिचकी मारावी. मोटारीशी जोडलेले नसलेले चाक हलकेच फिरत राहिले पाहिजे. ते लगेच थांबले, वा खरखर ऐकू आली, तर बेअरिंग काढून, पुसून, शिलाईयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यावा व बोटाने फिरवून मुरू द्यावा. एकच थेंब. बैलगाडीच्या आसाला वंगण चोपडणाऱ्यांचा हात येथे सढळ पडतो. पण जास्तीचे तेल धूळ धरते. उघड्या दातेरी चाकांना तर तेल मुळीच लावू नये. तेलात भिजलेली धूळ म्हणजे पॉलिश कागदच, तो प्लॅस्टिकचे दाते खाऊन टाकतो. बंद पेटीतील चाकांना ग्रीस असते, ते निराळे.

मोटारीच्या दांड्यावरील लहान दातेरी चाक आणि त्याला लागून फिरणारे मोठे चाक यांच्यात फार घट्टपणा नको, फार ढिलाईही नको. वहीच्या पातळ कागदाची पट्टी दोहोंमध्ये घालून चाक फिरवावे. पट्टीवर घड्या उमटून ती न फाटता बाहेर आली तर अंतर ठीक. शॉकॲब्सॉर्बरभोवती तेल झिरपलेले दिसले तर त्यातील रबरी कडी बदलावी. खाचखळग्यांत स्क्रू सैल होतात, तेही तपासावेत. मात्र प्लॅस्टिकमध्ये गेलेला स्क्रू बेताने आवळा, जोर केला की आटे मरतात.

राहता राहिली बॅटरी. तेथे थट्टा नाही. आमच्या गाडीची लिथियम-पॉलिमर जातीची आहे. तिचा एकेक घट पूर्ण भरला असता ४.२ व्होल्ट दाखवितो, आणि तो ३ व्होल्टच्या खाली गेला तर कायमचा दुखावतो. काही दिवस गाडी चालवायची नसेल तर प्रत्येक घट ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी बॅटरी कपाटात टाकू नये. आदिलाबाद जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून पत्र्याच्या खोलीत ती कदापि ठेवायची नाही. खेळून आल्यावर गरम असतानाच चार्ज करायची नाही. चार्ज करताना ती फरशीवर, वह्या-पुस्तकांपासून दूर, आणि समोर कोणी मोठे माणूस बसलेले असलेच पाहिजे. तिचे पाकीट पापडासारखे फुगलेले दिसले की तिला टोचू नका, दाबू नका, पुन्हा चार्ज करू नका. वाळूच्या बादलीत ठेवा आणि आम्हांस बोलवा. घरी एकट्याने असे काही करू नये, ही विनंती नसून आज्ञा समजावी.

नवी मोटार व बेअरिंगे आम्ही आमच्या खर्चाने आणविली. बसविण्याचे काम त्या सहा जणांनी केले. आम्ही केवळ दिवा धरून उभे होतो. गाडी आता चालते. प्रयोगशाळेच्या कपाटात, वरच्या फळीवर तिच्या शेजारी एक डबा आहे : त्यात दोन ब्रश, चिमटा, सुई, तेलाची बाटली आणि कडुनिंबाच्या काड्यांची जुडी. काड्या संपल्या की नव्या आणून ठेवण्याची पाळी इयत्ता आठवीची आहे.