घराचे छप्पर आणि सूर्याची वीज

बेळगाव शहरातील वडगाव, खासबाग व शहापूर हे भाग विणकरांची वस्ती म्हणून ओळखले जातात. येथील अनेक घरांत संसार आणि माग एकाच छपराखाली असतात. अशा वस्तीत सौर विजेच्या शासकीय धोरणाचा लाभ घेताना आधी छपराचा आणि मग अनुदानाचा हिशेब मांडणे इष्ट होय.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्य घर मोफत वीज योजना' मंजूर केली. १ कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची ही योजना आहे. १ किलोवॅटच्या संचास ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये, तर ३ किलोवॅट व त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. संच बसवून त्याची तपासणी झाल्यावरच ही रक्कम खात्यात जमा होते. प्रारंभीचा खर्च कुटुंबालाच उभा करावा लागत असल्याने बँकांकडून तारणाशिवाय कर्जाची सोय करण्यात आली आहे.

१ किलोवॅटच्या संचास सुमारे १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यातून साधारणतः ४ युनिट वीज मिळते. बेळगावच्या पावसाळ्यात हे उत्पादन बरेच घटते. घराला न लागलेली वीज 'नेट मीटर'मधून वीज कंपनीच्या तारांत जाते आणि तिची नोंद देयकात होते.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, अनुदान केवळ घरगुती जोडणीस आहे. मागाच्या व्यावसायिक जोडणीस ते लागू नाही. दुसरी, बॅटरीविना साधा संच वीजपुरवठा खंडित होताच बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी तशी योजना असते. तिसरी, कौलारू छप्पर संचाचे वजन व वाऱ्याचा जोर सोसेल काय, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. घर सामाईक असल्यास भाऊबंदांची संमतीही आधीच घेणे हिताचे.

मागील बारा महिन्यांची देयके समोर ठेवून गरजेपुरताच संच निवडणाऱ्या कुटुंबास कर्जाचा भार जड होत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विणकराला मात्र स्वतःचे छप्परच नाही. त्याच्या दिव्यापर्यंत सूर्याची वीज पोहोचेल, तेव्हाच या धोरणाचे सार्थक होईल.