सम्यक वाचा आणि कार्यकर्त्याची जीभ



धम्मदीक्षा घेतली की घरातील देव्हारा हलतो. पण जिभेच्या जुन्या सवयी हलतात काय? पंचशीलातील चौथे शील आपल्याला खोटे बोलण्यापासून परावृत्त करते. अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचा आणखी पुढे जाते. खोटे बोलणे, चहाडी करणे, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड या चारही गोष्टी तिने वर्ज्य केल्या आहेत. सामान्य माणसाचा कठोर शब्द एका घराला दुखावतो. पुढाऱ्याचा कठोर शब्द सर्व समाजाच्या नावावर जमा होतो.

अरुणावतीकाठच्या आर्णीसारख्या गावाचा विचार करा. येथे बाबा कंबलपोष यांच्या उरुसाला हिंदूही जातात, मुसलमानही जातात. शेतात, बाजारात, शाळेत सर्वांशी आपला रोजचा संबंध येतो. कित्येकदा एका भावाने दीक्षा घेतलेली असते आणि दुसऱ्याचे घर अजून जुन्या रीतीत असते. अशा वस्तीत एखादा कार्यकर्ता सभेत "दगड पुजणारे अडाणी" म्हणून लोकांना हिणवतो. टाळ्या पडतात. पण मागे बसलेली म्हातारी आई मुकाट्याने उठून घरी जाते. ती पुढच्या वंदनेला येणार होती, आता येणार नाही. टाळ्या कोणी मिळविल्या आणि माणूस कोणी गमावले?

कोणी म्हणेल, "मग अन्यायाविरुद्ध बोलायचेच नाही काय?" याचे उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रात आहे.

1925 साली दिनकरराव जवळकर यांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले. त्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर व लोकमान्य टिळक यांच्यावर अत्यंत जहाल टीका होती. खटला झाला, शिक्षा झाल्या. 1926 मध्ये अपिलात बाबासाहेबांनी आरोपींची बाजू मांडली आणि ते सुटले. म्हणजे कडक लिहिणाऱ्याला तुरुंगात घालावे, असे बाबासाहेबांचे मत नव्हते.

पुढच्याच वर्षी, 1927 मध्ये, केशवराव जेधे व जवळकर यांनी महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला. अट एकच : त्यात ब्राह्मणांना घेऊ नये. पाठिंब्याची गरज मोठी होती. तरीही बाबासाहेबांनी ती अट मानली नाही. आपले भांडण ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाशी नाही, हा भेद त्यांनी कायम ठेवला. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला आणि ते जन्माने ब्राह्मण होते. अट मान्य केली असती, तर त्या दिवशी सहस्रबुद्ध्यांना मंडपात जागा नसती.

मनुस्मृती जाळणे ही काही मवाळ कृती नव्हती. पण तो घाव विषमतेच्या कायद्यावर होता, शेजाऱ्याच्या तोंडावर नव्हता. त्याच वर्षी 20 मार्चला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर आपल्या माणसांवर हल्ला झाला. तेव्हा प्रतिकारासाठी पेटलेल्या लोकांना बाबासाहेबांनीच आवरले. ज्याला राग येत नाही तो नेता नव्हे. ज्याला राग आवरत नाही तोही नव्हे.

भगवान बुद्धांनी याची कसोटीच सांगून ठेवली आहे. अभय राजकुमाराने विचारले, "तथागत कधी अप्रिय बोलतात काय?" राजकुमाराच्या मांडीवर लहान मूल होते. भगवंतांनी उलट विचारले, "या मुलाने तोंडात खडा घातला तर काय कराल?" राजकुमार म्हणाला, "रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची दया आहे." तथागताचे अप्रिय बोलणे असेच असते. ते सत्य असते, हिताचे असते आणि योग्य वेळी असते. खडा काढण्यासाठी बोट घालणे वेगळे आणि मुलाच्या थोबाडीत मारणे वेगळे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा याच दृष्टीने वाचा. प्रत्येक प्रतिज्ञा 'मी'ची आहे : मी काय मानणार नाही, मी काय करणार नाही. त्या निःसंदिग्ध आहेत, त्यांत तडजोड नाही. पण दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याला शिवी द्या, असे एकीतही नाही. उलट सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा त्यांतच आहे.

म्हणून बोलण्यापूर्वी कार्यकर्त्याने स्वतःला विचारावे : हे खरे आहे काय? ऐकणाऱ्याच्या हिताचे आहे काय? ही वेळ योग्य आहे काय? मी प्रथेवर बोलतो आहे की माणसावर? पाणवठा, जमीन, मजुरी यांवर अन्याय झाला तर नाव घेऊन, पुराव्यानिशी, निर्भयपणे बोलावे. तेथे गप्प बसणे ही सम्यक वाचा नव्हे. परंतु ज्या शब्दाने अन्याय तसूभरही हटत नाही, फक्त शेजारी तुटतो, तो शब्द गिळावा. पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसलेल्या माणसाला त्याची चव ठाऊक आहे. ती दुसऱ्याला चाखवण्यासाठी आपण धम्मात आलो नाही.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
1. जेधे-जवळकरांची अट बाबासाहेबांनी का मानली नाही?
2. खड्याच्या दृष्टान्तातून कठोर बोलण्याची कोणती मर्यादा कळते?
3. या पंधरवड्यात आपल्या बोलण्याने कोण दुरावले? त्याच्याकडे केव्हा जाणार?